सोलापुरातला नाताळ: तारे, रोषणाई आणि कॅरल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात. शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, नातवंडांना घेऊन यायचं म्हणणारे आजोबा विचारतात. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॅरल (ख्रिस्तजन्माची गाणी) गटात लहानपणापासून गाते, म्हणून उत्तरं माझ्याकडे मागितली जातात. तीच इथे एकत्र लिहिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोलापुरात नाताळची रोषणाई नेमकी कुठे बघायला मिळते?

सुरुवात रंगभवनजवळच्या फर्स्ट चर्चपासून करा. तिथून पायी निघून आसपासच्या आणि रेल्वे लाइन्स या भागाच्या बाजूच्या ज्या घरांवर तारा दिसेल, त्या गल्लीत वळा. आपल्याकडे वांद्र्यासारखी रस्ताभर कमान नसते. इथली रोषणाई घराघरांची असते: गच्चीच्या कठड्यावर एक माळ, दारात तारा, खिडकीत ख्रिस्तजन्माचा गोठा. म्हणून गाडीतून चक्कर मारली तर पाच मिनिटांत 'एवढंच?' असं वाटतं. चालत गेलात तर तासभर पुरतं. संध्याकाळी सात ते साडेनऊ ही वेळ चांगली, कारण तेव्हा दारं उघडी असतात आणि आतून पेटीचा सूर ऐकू येतो.

खरेदी करायची असेल तर नवी पेठेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तारे, माळा आणि छोटी झाडं टांगलेली दिसतात.

२. कोणत्या तारखांना यावं? २५ डिसेंबरलाच का?

२५ तारखेची संध्याकाळ खरं तर सगळ्यांत शांत असते. सकाळची उपासना झाली की लोक घरी जेवतात, मग एकमेकांकडे जातात. त्या दिवशी संध्याकाळी चर्चला आलेली माणसं 'इथे तर कुणीच नाही' म्हणून परत गेलेली मी दरवर्षी पाहते आणि मला फार वाईट वाटतं.

ऐकायचं असेल तर डिसेंबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा धरा. तेव्हा कॅरल गट घरोघर फिरतात आणि चर्चमध्ये गाण्यांच्या संध्याकाळी होतात. बघायचं असेल तर २३ आणि २४ तारीख. दोन्ही एकत्र हवं असेल तर २४ ची रात्र. वर्षअखेरीला ३१ डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना असते. ती जास्त प्रार्थनेची, पण शेवटी बारा वाजता सगळी मंडळी एकत्र गाते ते ऐकण्यासारखं असतं.

वेळा दरवर्षी बदलतात. चर्चच्या फाटकावरचा फलक आधी वाचा.

३. आम्ही ख्रिस्ती नाही. आलं तर चालेल का?

चालेल, आणि आम्हाला आवडेल. माझ्या वर्गातल्या पद्मशाली मैत्रिणी लहानपणापासून २४ ला येतात. आता त्यांच्या मुली येतात.

आत गेल्यावर मागच्या किंवा बाजूच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. प्रार्थनेत सामील व्हायलाच हवं असं नाही, शांत राहिलं तरी पुरे. अडचण एकाच क्षणी होते. भाकर आणि द्राक्षरस वाटला जातो तो प्रसाद समजून अनेक जण पुढे येतात. प्रोटेस्टंट मंडळीत ते प्रभुभोजन असतं, कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, कम्युनिअन. दोन्हीकडे ते त्या त्या श्रद्धेत दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतं. तेव्हा जागेवर बसून राहा. कुणीही वाईट मानत नाही. उपासना संपल्यावर बाहेर केक वाटतात, तो मात्र सगळ्यांसाठी असतो. तो नक्की घ्या.

४. 'नाताळ' म्हणायचं की 'ख्रिसमस'?

दोन्ही चालतं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून मराठीत आला, अर्थ जन्म. आमच्या घरात 'नाताळ'च म्हणतात. शुभेच्छा द्यायच्या तर 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणा, हात जोडा किंवा हात मिळवा. मंडळीतली जुनी माणसं एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणतात. तुम्ही म्हणालात तर त्यांचा चेहरा खुलेल.

५. कॅरल म्हणजे इंग्रजी गाणी ना? मराठीत असतात का?

हा मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

कॅरल म्हणजे ख्रिस्तजन्माचं, समूहाने गायचं गाणं. आपल्याकडे ती मराठीत, तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत, सगळ्या भाषांत गातात. सोलापूरच तसं आहे. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, पलीकडे कन्नड. आमच्या गटात एक कडवं मराठीत आणि पुढचं तेलुगूत घेण्याची पद्धत आहे, कारण दारात उभ्या असलेल्या आजींना कुठली भाषा जवळची वाटेल ते आधी ठाऊक नसतं.

मराठी गाण्यांत दोन प्रवाह आहेत. पहिला भाषांतराचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झालं, आणि त्याच शतकात ते सोलापूरपर्यंत पोहोचले. त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य चाली आल्या आणि त्या चालींवर मराठी शब्द बसवले गेले. हे काम अवघड असतं. पाश्चात्त्य स्तोत्रात ओळीतली अक्षरं मोजलेली असतात, उदाहरणार्थ आठ-सहा-आठ-सहा, आणि ठोका ठरलेल्या जागी पडतो. 'तारणारा' या शब्दात मराठी कान 'ता' आणि 'णा' लांब ऐकतो. चालीचा ठोका मधल्या 'र'वर आला की शब्द मोडल्यासारखा वाटतो. जुन्या भाषांतरकारांनी हे जिथे सांभाळलं, ती गाणी आजही मंडळीला तोंडपाठ आहेत. जिथे सांभाळलं नाही, तिथे मंडळी नुसतं गुणगुणते.

दुसरा प्रवाह आपल्या मातीतला: भजन, अभंग, कीर्तन. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीची पदं मराठी भजनाच्या वळणाने लिहिली, आणि ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुळवली. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण मराठी माणसाच्या श्वासातच असतात. म्हणून अशी पदं सुरू झाली की पाठीमागे उभी असलेली, चर्चमध्ये पहिल्यांदाच आलेली माणसंही टाळी धरतात. हे मी किती वेळा पाहिलंय. पेटी, ढोलकी आणि झांज, बास, एवढ्यावर अंगण भरून जातं.

दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतातही. ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ ला गिटारच्या साथीवर पहिल्यांदा गायलेलं 'सायलेंट नाइट' घ्या. त्याचा झोका सहाचा आहे, त्यामुळे आमचा तबलजी त्याला सहज दादरा लावतो आणि ते अंगाईसारखं वाटतं. उड्या मारत जाणारी आनंदाची कॅरल चार-चारच्या वजनात असतात, त्यांना केहरवा. तबला शिकणाऱ्या मुलाला घेऊन आलात तर त्याला हे दोन ताल ओळखायला सांगा. तासभर तो जागचा हलणार नाही.

६. कॅरलवाले आमच्याही घरी येतील का? त्यांना काय द्यायचं?

येतील, पण आधी सांगावं लागतं. प्रत्येक मंडळी डिसेंबरच्या सुरुवातीला भागवार फेरीची यादी करते. ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाला किंवा थेट पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगा. आयत्या वेळी अडवून 'आमच्याकडेही या' म्हटलं तर गट नाही म्हणत नाही, पण मग यादीतल्या शेवटच्या घरी पोचायला उशीर होतो आणि तिथली लहान मुलं झोपून गेलेली असतात.

एका घरी साधारण दोन गाणी, एक छोटी प्रार्थना आणि शुभेच्छा, एवढा कार्यक्रम असतो. दहा ते पंधरा मिनिटं. दारातला दिवा लावून ठेवा, अंगणातली गाडी बाजूला घ्या, टीव्ही बंद करा. एवढं केलंत की झालं.

देण्याघेण्याचं म्हणाल तर चहा पुरतो. वीस-पंचवीस माणसं असतात आणि दर घरी खाणं होत नाही. पाकीट द्यायचंच असेल तर ते गटप्रमुखाच्या हाती द्या. ते मंडळीच्या मदतकार्यात जातं. मुलांच्या हातात सुटे पैसे ठेवू नका. पाकीट न देणाऱ्या घरीही गाणी तेवढीच होतात.

आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, सगळा फराळ होतो, केक वेगळा. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेली ताटं नाताळला भरून परत जातात. तुमच्या दारी असं ताट आलं तर ते रिकामं परत द्यायची घाई करू नका. आमच्या आईचा हिशेब संक्रांतीपर्यंतचा असतो, तिळगुळासकट.

७. कपडे, चपला, थंडी?

साधे, नीटनेटके कपडे पुरेत. डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नसते. चपला बहुतेक ठिकाणी काढत नाहीत, पण दारात चपला दिसल्या तर काढा. सोलापूरची डिसेंबरची दुपार उन्हाची असली तरी रात्री उघड्या अंगणात तास-दोन तास बसलं की गारठा चढतो. आपल्या गावची चादर आहेच, म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर टाकायला एक बरोबर ठेवा.

८. दारात तारा का लावतात? तो आकाशकंदीलच नाही का?

बांधणी तीच, अर्थ वेगळा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पूर्वेकडचे ज्ञानी लोक तारा पाहून बाळाच्या शोधात निघतात. त्या ताऱ्याची ही आठवण. (ज्ञानी तीन होते असं आपण म्हणतो, पण मत्तयाने आकडा दिलेला नाही. भेटी तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस.)

घरी करायचा असेल तर दिवाळीचं सामान चालतं. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा. त्या एकमेकींवर ठेवून पाची टोकं दोऱ्याने आवळा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी सहा-सहा इंचांच्या काटक्या उभ्या ताणून बसवा. चांदणी आपोआप फुगते. वर पतंगाचा कागद, आत पाच वॅटचा एलईडी बल्ब. जुना पिवळा बल्ब घालू नका, तापून कागद करपतो. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या ताऱ्यापेक्षा हा जास्त सुंदर दिसतो असं माझं ठाम मत आहे, कारण कागदातून उजेड झिरपतो.

९. तारा कधी लावायचा आणि कधी उतरवायचा?

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवसापासून तारा लावतात. काही घरी १ डिसेंबर, काही घरी थेट २४. उतरवायची जुनी तारीख ६ जानेवारी, ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण. कॅथलिक चर्च आपल्याकडे तो सण जवळच्या रविवारी पाळतं, त्यामुळे दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात.

२६ डिसेंबरलाच सगळं काढून टाकू नका ही माझी विनंती. ६ जानेवारीला आमचे तारे उतरतात तेव्हा सिद्धेश्वर यात्रेची तयारी सुरू झालेली असते. पुढच्याच आठवड्यात नंदीध्वज निघतात, मंदिरावरची रोषणाई तलावात उतरते आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो. सोलापूर डिसेंबर-जानेवारीत फारसं अंधारात राहतच नाही.

१०. गोठ्यात बाळ का नसतं? विसरले का?

विसरलेले नसतात. अनेक घरी २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवतात आणि मध्यरात्रीच्या उपासनेनंतर घरातलं सगळ्यांत धाकटं मूल बाळ आणून ठेवतं. गोठा मांडायची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी केलेल्या मांडणीपासून पसरली असं मानतात. तिथे त्यांनी खराखुरा चारा आणि खरे बैल-गाढव वापरले होते.

आपल्याकडे चारा म्हणजे कडबा. ज्वारीच्या मुलखात गव्हाचं काड शोधत बसायची गरज नाही. कडब्याची पानं बारीक चिरून पसरली की गोठा आपल्याकडचाच वाटतो. मेंढरं आणि बैल मातीचे, बैलपोळ्याचे जपून ठेवलेले चालतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बर्फ दिसावा म्हणून कापूस पसरू नका, आणि पसरलाच तर जवळ मेणबत्ती नको. आमच्याच घरी एका वर्षी कापसाने पेट घेतला. माळेच्या जोडावरची चिकटपट्टी सुटली होती, एवढंच कारण. वडिलांनी हाताशी असलेली चादर टाकून विझवलं, पण आजीच्या हातची मातीची मरिया गेली. बेथलेहेमच्या गोठ्यात कापसाची गरज नाही, आणि सोलापुरात तर नाहीच.

११. लाइटच्या माळा घेताना काय बघावं? बिल फार येतं का?

एलईडीची माळ साधारण दहा वॅटची धरा. रोज सहा तास, पंधरा दिवस लावली तर ९०० वॅट-तास होतात, म्हणजे एक युनिटही पुरं होत नाही. जुन्या बारीक बल्बांची चाळीस वॅटची माळ तेवढ्याच वेळात साडेतीन युनिटांपुढे जाते. बिलाचा प्रश्न फारसा नाहीच, सुरक्षेचा आहे.

जुन्या माळेला आपण 'सिरीज' म्हणतो ते अगदी बरोबर आहे. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकापाठोपाठ जोडून २३० व्होल्ट वाटून घेतलेले असतात. म्हणून एक गेला की सगळे जातात. गेलेला बल्ब काढून वायरी नुसत्या पिळल्या तर उरलेल्यांवर व्होल्टेज वाढतं आणि तेही लवकर जातात. असं करू नका.

गच्चीसाठी खोक्यावर आयपी ६५ (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेली माळ घ्या. आयपी ४४ पाण्याचे शिंतोडे सोसते, धार नाही. लोखंडी ग्रिलवर माळ गुंडाळायची असेल तर घरात वीजगळती झाली की बंद पडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आहे का ते वायरमनला विचारा. झोपताना बंद करा. गोठ्याजवळच्या माळेचं काय करायचं ते प्रश्न १० मध्ये आमच्या घराने शिकवलंच आहे: जोड तपासा.

१२. फोटो, व्हिडिओ काढले तर चालतील?

रस्त्यावरून दिसणारे तारे खुशाल काढा, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशने ताऱ्याचा उजेडच मरतो. कुणाच्या अंगणात किंवा खिडकीतल्या गोठ्याचा फोटो विचारून. उपासना चालू असताना नको, आणि गाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

१३. रात्री दहानंतर गाणं चालतं का? आमच्या सोसायटीत तक्रार झाली होती.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, रात्री बारापर्यंत सूट देता येते. ते दिवस जाहीर होतात, त्या यादीत २४, २५ किंवा ३१ डिसेंबर आहे का ते त्या वर्षी बघावं लागतं. गेल्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं धरू नका.

अनेकांना माहीत नसतं ते असं: २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीचा हा निर्बंध वाद्यांनाही आहे. स्पीकर बंद करून अंगणात ढोलकी वाजवली तरी तक्रार होऊ शकते. बंद सभागृहात आतल्या लोकांपुरतं चालतं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंत सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल, तर तिथे दिवसाही काळजी घ्यायची. म्हणून आमचा गट पावणेदहाला ढोलकी पिशवीत घालतो. उरलेली एक-दोन घरं असली तर नुसत्या आवाजात, हळू. सांगू का, वर्षातलं सगळ्यांत सुंदर गाणं बहुधा त्याच घरी होतं.

१४. २४ डिसेंबर रविवारी आला तर काय करतात?

तेव्हा एकाच दिवशी दोन वेगळ्या उपासना होतात. सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार, रात्री नाताळ. २०२३ मध्ये असं झालं, पुन्हा २०२८ मध्ये होईल. सकाळी आलात तर सजावट अर्धवट आणि सूर वाट पाहण्याचा असेल. गडबड झाली असं समजू नका, रात्री परत या. अशा वर्षी आगमनकाळही सगळ्यांत छोटा असतो, ३ डिसेंबरला सुरू होतो. कॅरल फेऱ्या दाटीवाटीने होतात, त्यामुळे प्रश्न ६ मधला निरोप लवकर द्या.

१५. यंदा आमच्या घरात दुःख झालंय. कॅरलगटाला येऊ नका म्हणून सांगावं का?

तुमच्या मनाला काय झेपेल त्यावर आहे. नको वाटत असेल तर एक निरोप पुरे, कारण सांगावं लागत नाही. दारात तारा लावला नाही तरी कुणी विचारणार नाही.

पण 'यावं, फक्त गाजावाजा नको' असं वाटत असेल तर तेही सांगा. अशा घरी आम्ही वाद्यं फाटकाबाहेर ठेवतो, लाल टोप्या काढतो, लहान मुलांना आधी समजावून सांगतो. उड्या मारणारं गाणं नाही. एकच संथ गाणं, शक्यतो गेलेल्या माणसाला आवडायचं ते, आणि प्रार्थनेत त्यांचं नाव. वडील गेले त्या वर्षी आमच्याकडे असाच गट आला होता. आईने नको म्हणून सांगितलं होतं. मग संध्याकाळी तिनेच दारातला दिवा लावला, आणि ते काही न विचारता पायरीशी उभे राहिले. चहाला कुणी थांबलं नाही. पुढच्या घरी मात्र त्यांनी ढोलकी काढली, आणि तिचा आवाज आई खिडकीत उभी राहून ऐकत होती.